दान पेर्झोव्स्की: भिंतीवर मार्करने काढायचं आणि शेवटी वर पांढरा रंग

रेघोट्या
बरेच दिवस या माणसावर धागा काढायचं मनात होतं, आज मुहूर्त लागला. दान पेर्झोव्स्की, रोमानियाचा, जन्म १९६१, गाव सिबिउ. काम काय करतो तर जगभरातल्या म्युझियमच्या भिंतींवर काळ्या मार्करने चित्रं काढतो. गोल डोकं, डोळ्यांचे दोन ठिपके, काड्यांचे हातपाय आणि सोबत दोनचार शब्द, बास. एकेका भिंतीवर अशी शेकडो चित्रं, ना चौकट ना ओळ, जिथे जागा सापडेल तिथे. विषय म्हणाल तर त्या आठवड्याच्या बातम्या, युद्ध, व्हिसा, बँका, निवडणुका आणि खुद्द म्युझियमसुद्धा. २००७ मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा म्युझियमच्या मधल्या चौकातली ती प्रचंड उंच भिंत त्याने लोकांच्या देखत भरली, लिफ्टच्या पाळण्यात उभा राहून, खाली माणसं मान वर करून बघतायत आणि हा काढतोय. प्रदर्शन संपलं की भिंत परत पांढरी.

माझं मत आधीच सांगून टाकते. आज हयात असलेल्या रेखाचित्रकारांमध्ये मला हा फार मोठा वाटतो, आणि त्याची ताकद त्या पुसण्यातून येते. चित्र टिकणार नाही हे पहिल्या रेघेपासून माहीत असल्यामुळे तो आजच्या माणसाशी आजचंच बोलतो, उद्याच्या समीक्षकाकडे बघत नाही. मी पोटापाण्यासाठी पुस्तकांची चित्रं काढते, त्यामुळे हे मला जास्तच भिडतं. तुम्हाला काय वाटतं? याला ग्राफिक आर्ट म्हणायचं का व्यंगचित्र?

अण्णा_सोलापूरकर
व्यंगचित्रच की! त्यात एवढा विचार कसला. आम्ही रोज सकाळी चहासोबत लक्ष्मण बघत मोठे झालो, त्यांच्या रेषेत घराची कौलं, धोतराचा सोगा, पुढाऱ्याचं पोट सगळं असायचं. इथे काड्यांची माणसं आहेत. ताई राग मानू नका, पण असं कुणीही काढेल.

जुईली
अण्णा, पाच काढून इथे टाका. माणूस एकच, काड्यांचाच, पण पाच वेळा वेगळा दमलेला दिसला पाहिजे. वाट बघतेय :)

चहाबाज
जुईली :D

शाईपेन
"कुणीही काढेल" वर थोडं लांबण लावतो. हा माणूस लहानपणापासून चित्रकलेच्या शाळेत होता, पुढे याश शहरातल्या जॉर्ज एनेस्कू कॉन्झर्व्हेटरीतून रीतसर पेंटिंग शिकून १९८५ ला बाहेर पडला. म्हणजे मॉडेल बसवून तासन् तास छायाप्रकाश घोटलेला हात आहे हा. मग हुकूमशहा चाऊशेस्कूच्या राजवटीतली शेवटची वर्षं ओरादिया शहरात गेली. ते शिक्षण त्याने पुढे एकेक करून सोडलं, आधी रंग सोडला, मग छटा सोडली, मग कॅनव्हास, शेवटी कागदसुद्धा. १९९० च्या सुरुवातीला त्याने अँथ्रोपोटेक नावाचं एक काम केलं, त्यात हजारो चिमुकली माणसं, एकासारखी दुसरी नाही. माझ्या मते आजचा तो काडीमाणूस तिथे तयार झाला. इतकी माणसं काढल्यावर कुठली रेघ नसली तरी चालतं ते हाताला कळतं.

दुसरं असं की भिंतीवर जे उमटतं ते आयत्या वेळी सुचलेलं नसतं. त्याच्याकडे वह्या असतात. गावात आल्यावर आधी हिंडतो, पेपर वाचतो, लोकांशी गप्पा मारतो, वहीत काढत राहतो, मग त्यातली निवडक भिंतीवर जातात. काही जुनी चित्रंसुद्धा नव्या गावात परत येतात, थोडी बदलून. गवयाची चीज ठरलेली असते पण मैफलीत ती त्या दिवसाची होऊन येते, तसं काहीतरी.

आणि अण्णा, व्यंगचित्र म्हणालात ते अगदीच चूक नाही. १९९१ पासून तो बुखारेस्टच्या 'रेविस्ता २२' या साप्ताहिकासाठी काढत आलाय. तेव्हा वर्तमानपत्राचा चित्रकार हे बिरुद तो स्वतःसुद्धा नाकारणार नाही.

प्रागवासी
रेघोट्या ताई, धागा छान पण "सगळं पुसलं जातं" यावर आक्षेप नोंदवतो. इथे प्रागमध्ये देयवित्से भागात नॅशनल टेक्निकल लायब्ररी आहे, २००९ ला उघडली. आत शिरलात की मधोमध वरपर्यंत मोकळा चौक आणि त्याच्या काँक्रीटच्या भिंतींवर सगळीकडे पेर्झोव्स्की. ते कायमचं काम आहे, कुणी पुसत नाही. मी इथे शिकायला आलो तेव्हा त्या चौकात बसूनच अभ्यास केला.

इमारतच भारी आहे. जमिनीचे रंग असे दिलेत की स्लॅबवर कुठे किती ताण येतो ते रंगावरून कळावं, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पोरांना चालता चालता धडा. आणि वर उघड्या काँक्रीटवर ही चित्रं. गुळगुळीत प्लास्टर नाही, त्यामुळे जवळ गेलं की साच्याच्या फळ्यांचे सांधे आणि बारीक भोकं दिसतात आणि त्याची रेघ त्या भोकावरून जाताना अर्धा केस तुटते आणि परत लागते. फोटोत हे दिसत नाही. लिफ्टची वाट बघताना मी एकच चित्र कितीतरी वेळा बघत उभा राहायचो.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर त्यातली काही आज लागत नाहीत. २००९ मध्ये आर्थिक मंदीची धग होती, तेव्हाच्या चर्चा होत्या, आज पहिल्या वर्षाची मुलं त्यासमोरून सरळ निघून जातात. पण पुस्तकं, अभ्यास, झोप, प्रेम यावरची चित्रं अजून तशीच ताजी आहेत.

रेघोट्या
@प्रागवासी, वा, ती काँक्रीटवरची तुटणारी रेघ वाचून फार बरं वाटलं. पण बघा ना, तुम्ही जे शेवटी लिहिलंत ते माझ्याच बाजूचं आहे. बातमीवरचं चित्र भिंतीवर कायमचं ठेवलं की ते शिळं होतं. लायब्ररीत ते चालून जातं कारण लायब्ररीचं कामच जपायचं आहे.

प्रागवासी
ताई, शिळं नाही म्हणणार मी. जुना पेपर चाळताना मजा येते की नाही? मला ते चित्र लागत नाही म्हणून मी शोधतो की तेव्हा झालं काय होतं. पुसलं असतं तर तो प्रश्नच पडला नसता. या मुद्द्यावर आपलं जमणार नाही :)

म्युनिककर
वाचतोय. २०२२ ला जर्मनीतल्या कासेलला डॉक्युमेंटा हे समकालीन कलेचं मोठं प्रदर्शन बघायला गेलो होतो, त्या वर्षी सगळं प्रदर्शन रुआंगरुपा या इंडोनेशियन गटाच्या हातात होतं. फ्रिडेरिसियानुम नावाची जुनी भव्य इमारत आहे, समोर ग्रीक देवळासारखे खांब. ते खांब काळे रंगवले होते आणि त्यावर पेर्झोव्स्कीच्या पांढऱ्या रेषा. एरवी त्या खांबांखाली आपण आपोआप गप्प होतो, पण तेव्हा शाळेतली मुलं खांबाला प्रदक्षिणा घालून वाचत होती, एक मुलगी आईला ओरडून सांगत होती की मागच्या बाजूलाही आहे. शब्द साधे, मैत्री, शांतता, एकजूट अशा जातीचे. युक्रेनवर हल्ला होऊन काही महिनेच झाले होते आणि रोमानियाची हद्द युक्रेनला लागून, त्यामुळे त्याच्या शांततेला वजन होतं. त्या काळात तो युद्धावर सतत काढत होता आणि फेसबुकवर टाकत होता.

बंड्या_बेळगावकर
मी जरा वेगळी बाजू मांडतो. म्युझियमवर टीका करायची आणि ती म्युझियमच्याच भिंतीवर, त्यांच्याच निमंत्रणावर, त्यांच्याच मानधनात. मोमासारख्या ठिकाणी बँकांवर चित्र काढलं म्हणून बँकांचं काय वाकडं होणार? उलट म्युझियमला मिरवायला मिळतं की बघा आम्ही किती मोकळे. टीका पचवून टाकायची ही जुनी रीत आहे. अण्णांचं म्हणणं वेगळ्या कारणाने मला पटतं, चित्र सोपं आहे म्हणून नाही, त्याला दात राहत नाहीत म्हणून.

वाचकमात्र
बंड्या, हा प्रश्न खराच आहे आणि त्याचं उत्तर रोमानियाच्या इतिहासात थोडंफार सापडतं असं मला वाटतं. जरा मोठं लिहितोय, सांभाळून घ्या.

१९८३ मध्ये तिथे कायदा आला की प्रत्येक टाइपरायटरची मिलिशियाकडे, म्हणजे त्यांच्या पोलिसांकडे नोंद करायची. अक्षरांचा नमुना द्यायचा, म्हणजे कुणी पत्रक टाइप केलं तर यंत्र आणि मालक दोन्ही सापडावेत. ज्याच्यावर संशय त्याला यंत्र ठेवायची परवानगीच नाही. तेव्हा हा माणूस बावीस वर्षांचा होता, कला शिकत होता. दुकानात तेल साखर रेशनवर, घरात दिवे जपून, पुढेपुढे टीव्हीवर दिवसाला दोन तास कार्यक्रम आणि त्यात नेता. भिंतीवर स्वतःच्या मनातलं लिहिणं म्हणजे तुरुंगाची वाट. मग १९८९ च्या डिसेंबरात तिमिशोआरात लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाला, २२ डिसेंबरला चाऊशेस्कू पक्षाच्या कचेरीच्या गच्चीवरून हेलिकॉप्टरने पळाला आणि २५ ला त्याला गोळ्या घातल्या. शाईपेन यांनी सांगितलेलं 'रेविस्ता २२' हे साप्ताहिक त्याच २२ तारखेचं नाव घेऊन १९९० च्या जानेवारीत सुरू झालं, विचारवंतांच्या एका गटाने काढलेलं. अशा ठिकाणी दर आठवड्याला चित्र काढणं ही काय चीज असेल याची आपण कल्पनाच करावी. काल जे पुटपुटायलाही बंदी होती ते आज छापून येतंय.

म्हणून मला वाटतं की तो मार्कर हातात घेऊन भिंतीवर सरळ लिहितो यामागे म्युझियमला खुश करणं किंवा चिडवणं यापेक्षा जुनं काहीतरी आहे. आणि तो फक्त म्युझियममध्ये काढत नाही. रोशिया मोंताना नावाचं ट्रान्सिल्व्हानियातलं खाणींचं गाव आहे, रोमन काळापासून तिथे सोनं काढलं जायचं. तिथे सायनाइड वापरून डोंगरच्या डोंगर खणायचा मोठा प्रकल्प येणार होता. आणि सायनाइडची भीती पुस्तकी नव्हती, २००० साली बाया मारेजवळ बांध फुटून सायनाइडचं पाणी तिसा नदीत गेलं होतं, माशांचा खच पडला होता. २०१३ च्या सप्टेंबरात हजारो लोक या प्रकल्पाविरुद्ध रस्त्यावर उतरले आणि पेर्झोव्स्कीने त्या आंदोलनासाठी चित्रं काढली. काडीमाणसाचा फायदा तिथे कळतो, फलकावर लांबून वाचता येतो, कुणालाही पुठ्ठ्यावर उतरवून घेता येतो. प्रकल्प बारगळला, २०२१ मध्ये ते गाव युनेस्कोच्या वारसा यादीत गेलं. हे चित्रामुळे झालं असं कुणी म्हणणार नाही, पण चित्र तिथे हजर होतं.

जुईली
वाचकमात्र, टाइपरायटरचं माहीत नव्हतं. अंगावर काटा आला.

बंड्या_बेळगावकर
रोशिया मोंतानाचं मान्य. "कुणालाही पुठ्ठ्यावर उतरवून घेता येतो" हे फार मोलाचं निरीक्षण आहे. पण मग माझा मुद्दा अजून पक्का होतो, दात रस्त्यावर दिसतात, मोमात नाही.

डॉक्टरकाका
कुणीच टॅटूचं कसं काढलं नाही? १९९३ साली तिमिशोआरात परफॉर्मन्सचा एक महोत्सव होता, त्यात या पेर्झोव्स्कीने सगळ्यांसमोर दंडावर आपल्या देशाचं नाव गोंदून घेतलं. तेव्हा देश नवा नवा मोकळा झाला होता आणि प्रत्येक रोमानियन कलाकाराकडे बाहेरचे लोक आधी रोमानियन म्हणून बघायचे, कलाकार नंतर. दहा वर्षांनी, २००३ मध्ये, बाल्कन देशांच्या कलेवरचं मोठं प्रदर्शन कासेलला झालं, तिथे त्याने तेच नाव लेसरने काढून टाकलं. आणि जागा कुठली माहितीये? म्युनिककरांनी लिहिलेलं तेच फ्रिडेरिसियानुम.

आता माझ्या धंद्यातलं सांगतो. लेसरने गोंदण "पुसलं" जात नाही. लेसरच्या झटक्याने शाईचे कण फुटून बारीक होतात, मग शरीरातल्या पेशी ते कण गिळतात, काही वाहून नेतात, बराचसा भाग जवळच्या लिम्फच्या गाठींमध्ये जाऊन बसतो. एका बैठकीत होतही नाही, बैठकांमध्ये काही आठवडे थांबावं लागतं, आणि दुखतं चांगलंच, गरम तेलाचे शिंतोडे उडाल्यासारखं असं पेशंट सांगतात. म्हणजे कातडीवरचं नाव गेलं, शाई अंगातच राहिली. पेर्झोव्स्कीलाही ही गोष्ट चांगलीच ठाऊक होती आणि त्याने ती कामाचा भागच केली.

रेघोट्या
काका, हे मी सुरुवातीलाच लिहायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे. त्याचं एक चित्र आहे, त्यात एवढंच लिहिलंय की मी एक्झॉटिक नाही, मी दमलोय. पूर्व युरोपचा म्हणून बोलावणी, पूर्व युरोपचा म्हणून कौतुक, त्यावर दंडाने दिलेलं उत्तर आणि मार्करने दिलेलं उत्तर एकाच सुरातलं आहे.

मीनाक्षी_व
मला या धाग्यात लिआ पेर्झोव्स्की हवी होती. दानची बायको, तीही सिबिउचीच, जन्म त्याच वर्षीचा, दोघं बरोबर वाढलेली. १९८८ मध्ये ओरादियाच्या फ्लॅटमध्ये तिने 'झोपेची कसोटी' असं एक काम केलं, स्वतःच्या अंगावर न वाचता येणारी अक्षरं लिहून ती पडून राहिली, हातांची चाळवाचाळव केली, आणि फोटो काढले दानने. प्रेक्षक दुसरा कुणीच नाही. पाळतीच्या देशात, बंद घरात, अंगावर लिहायचं आणि तेही कुणाला वाचता येऊ नये असं. मला दानच्या भिंतींइतकंच हे मोठं वाटतं, आणि हे आधीचं आहे हे विसरू नका.

पुढे नव्वदच्या दशकात तिने बुखारेस्टमधल्या त्यांच्या स्टुडिओत समकालीन कलेच्या कागदपत्रांचा संग्रहच उभा केला, पुस्तकं, कॅटलॉग, कात्रणं, स्लाइड्स. जे देशाबाहेर जाऊन बघता आलं नव्हतं ते गोळा करून ठेवलं आणि तरुण पोरापोरींना दार उघडं. म्हणजे एकाच घरात नवरा पुसणारं काम करतो आणि बायको साठवणारं. २०१३ ला दोघांना मिळून युरोपियन कल्चरल फाउंडेशनचा प्रिन्सेस मार्ग्रीट पुरस्कार मिळाला, ते योग्यच झालं. रेघोट्या, तुमचं पुसण्याबद्दलचं म्हणणं मला आवडलं, पण दानला बिनधास्त पुसता येतं कारण घरात लिआ जपून ठेवते.

प्रागवासी
मीनाक्षी ताई +१००.

कोकणकडा
अवांतर: भिंतीवरची चित्रं म्हटल्यावर मला कुलाब्याचं कॅफे माँडेगार आठवलं, मारिओ मिरांडांची. गर्दीच गर्दी, प्रत्येक टेबलावर वेगळी भानगड, बिअर कोमट होईपर्यंत एक कोपरासुद्धा बघून संपत नाही. मारिओंनी भिंत भरली ती मायेने, प्रत्येकाच्या शर्टाची नक्षीसुद्धा काढली. हा रोमानियन भिंत अर्धी मोकळी ठेवतो. दोघांपैकी कोण मोठा हा प्रश्नच नको, पण माझं मन मारिओंकडे जातं हे लपवत नाही.

अण्णा_सोलापूरकर
कोकणकडा, बोललात! ती नक्षी! मी तेच म्हणत होतो.

शाईपेन
कोकणकडा, मारिओंची भिंत बसून बघायची आहे, पेर्झोव्स्कीची चालत. मोमात लोक जिन्यावरून जाता जाता वाचत होते. मोकळी जागा आहे म्हणून एक चित्र डोळ्यात शिरतं आणि दुसरं येईपर्यंत तुम्हाला हसायला तेवढाच वेळ मिळतो. याच देशातला अजून एक रेषेचा बादशहा म्हणजे सॉल स्टाइनबर्ग, जन्म १९१४, रम्निकू सारात गावचा, पुढे अमेरिकेत न्यूयॉर्कर मासिकाने डोक्यावर घेतला. त्याच्या रेषेला नक्षीचंही वेड होतं आणि मोकळ्या जागेचंही. अण्णा, स्टाइनबर्ग बघा, तुम्हाला नक्की आवडेल, आणि त्या वाटेने पेर्झोव्स्कीकडे या.

म्युनिककर
एक खुपणारी गोष्ट. जगभर फिरणाऱ्या कामात शब्द बहुतेक वेळा इंग्रजी. कासेलच्या आजीबाईंना किती लागत असतील?

वाचकमात्र
म्युनिककर, 'रेविस्ता २२' मधली चित्रं रोमानियन वाचकांसाठीच होती हे ध्यानात घ्या. बाहेरच्या भिंतीवर तो अगदी मोजके, विमानतळावर कळतात तेवढे शब्द वापरतो. आणि चित्र आधी लागतं, शब्द नंतर. शब्द झाकून बघा, पुष्कळ चित्रं तरी चालतात.

चहाबाज
इतका वेळ नुसता वाचत होतो. २०१० पासून सिबिउमध्ये राडू स्टांका नॅशनल थिएटरपाशी त्याची एक भिंत आहे ना, 'आडवं वर्तमानपत्र' असं काहीतरी नाव, तिच्याबद्दल कुणीतरी लिहा. पुण्यात सदाशिव पेठेत आमच्या चौकात वार्ताफलक होता, एक काका रोज सकाळी खडूने बातम्या लिहायचे आणि आदल्या दिवशीच्या ओल्या फडक्याने पुसायचे, बसची वाट बघणारे सगळे वाचायचे. मला वाटतं सिबिउची भिंत त्या जातीची असावी.

रेघोट्या
चहाबाज, अगदी त्याच जातीची. रस्त्यावर, उघड्यावर, तिकीट नाही. बसला जाणारा, भाजीची पिशवी घेऊन जाणारा, जूनमधल्या नाट्यमहोत्सवाला आलेला पाहुणा, सगळ्यांना सारखीच. तो वरचेवर येऊन भर घालतो, भिंत भरली की पांढरी करून नव्याने सुरू. मी गेले तेव्हा दुपारचं ऊन थेट भिंतीवर होतं. खालच्या पट्ट्यातली चित्रं पावसाच्या शिंतोड्यांनी आणि सायकली टेकवून टेकवून फिकी झाली होती, वरची काळीभोर. एक आजोबा नातवाला एकेक चित्र बोटाने दाखवत पुढे सरकत होते, नातू हसला की थांबायचे, नाही हसला की स्वतःशीच मान हलवून पुढे. बंड्या, दात कुठे दिसतात विचारत होतात ना, मला तिथे दिसले. त्याच्या गावची भिंत आहे, चूक काढायला गावची माणसं आहेत.

बंड्या_बेळगावकर
ही भिंत मला मान्य. मोमा राहू दे, ही बघायला जाईन.

जुईली
सिबिउला जायचं कसं?

म्युनिककर
जुईली, गावाला स्वतःचा विमानतळ आहे, जर्मनीतून थेट विमानं असतात. बुखारेस्टहून रेल्वेनेही जाता येतं, वेळ लागतो पण ऑल्ट नदीच्या खिंडीतला प्रवास देखणा आहे. जर्मन लोकांनी मध्ययुगात वसवलेलं गाव, आम्ही इकडे त्याला हेर्मानश्टाट म्हणतो. घरांच्या छपरांना अर्धमिटल्या डोळ्यांसारखे झरोके आहेत, सगळं गाव तुमच्याकडे बघतंय असं वाटतं. २००७ मध्ये युरोपची सांस्कृतिक राजधानी होतं, त्याच वर्षी जानेवारीत रोमानिया युरोपियन युनियनमध्ये आला.

रंगारी_नाना
मी रंगकामाचे ठेके घेतो, मुलाने हा धागा दाखवला. वर सगळे "पांढरा रंग मारला की संपलं" लिहितायत, तसं होत नाही बरं का. पर्मनंट मार्करची शाई पाण्याच्या रंगातून वर येते. एक हात मारा, वाळल्यावर जांभळट सावली. दुसरा मारा, परत सावली. आधी डाग दाबणारा प्रायमर लावावा लागतो, स्पिरिटवाला नाहीतर ऑइलचा, मग इमल्शन. एका घरी पोरांनी हॉलभर मार्कर फिरवला होता, मालक म्हणाले नुसता डिस्टेंपर मारा, महिन्याभरात सगळी चित्रं हजर. म्युझियमवाल्यांनाही असलंच काही करावं लागत असणार.

डॉक्टरकाका
नाना, फार सुंदर माहिती. कातडी काय आणि भिंत काय, शाई चिवट.

शाईपेन
नाना येत जा हो इथे. आणि हे ऐकून १९९९ चं व्हेनिस आठवलं. बिएनाले या तिथल्या दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनातल्या रोमानियन दालनात त्याने चित्रं काढली ती जमिनीवर. लोक बघायला येणार ते चित्रांवरूनच चालणार, महिनोन् महिने बुटांनी घासून घासून चित्रं जात राहिली. रंगाऱ्याची गरजच नाही. देशाला मिळालेलं मानाचं दालन आणि त्यात पायाखाली काम. ज्यांनी पुसलं त्यांनीच बघितलं. माझ्या मते त्याच्या सगळ्या कामात हे सर्वात धाडसी.

अण्णा_सोलापूरकर
सगळं वाचलं, शाईपेन यांनी सांगितल्यावरून स्टाइनबर्गही बघितला, काय माणूस आहे! पेर्झोव्स्कीची शंभरेक चित्रं नातीने मोबाईलवर दाखवली. काही बघून खरंच हसू आलं, एकदोन बघून गप्प झालो. तरी मी याला व्यंगचित्रच म्हणणार आणि व्यंगचित्र म्हणजे कमी असं मी कधीच म्हटलं नव्हतं. लक्ष्मणांचं चित्रही दुसऱ्या दिवशी रद्दीतच जायचं की. ग्राफिक आर्ट म्हटलं की म्युझियमला बरं वाटतं म्हणून ते नाव.

रेघोट्या
अण्णा, रद्दीचं अगदी खरं आहे, आणि पेर्झोव्स्की तिथूनच आलाय. मला फरक दिसतो तो असा की पेपरातलं चित्र चौकटीत एकटं असतं. भिंतीवर युद्धाच्या चित्राशेजारी शॉपिंगचं येतं, त्याच्या डोक्यावर म्युझियमचं, आणि तुम्ही कुठून चालत आलात त्यावर वाचायचा क्रम ठरतो. हे जोडकाम प्रेक्षक पायांनी करतो. पेपराच्या चित्रकाराला हे करता येत नाही, म्हणून मी याला वेगळं धरते. प्रागवासींच्या लायब्ररीतही हे आहे, तिथे पुसलं नाही तरी.

मीनाक्षी_व
रेघोट्या, हे पटलं. आता एक कामाचं विचारते. आमच्या शाळेत आठवीच्या मुलांना दर सोमवारी आठवड्याची बातमी चित्रातून मांडायला सांगायचं डोक्यात आहे, मागच्या आवारात पंधराएक फुटांची भिंत रिकामी आहे. मुख्याध्यापक तयार आहेत पण दर महिन्याला रंगाचा खर्च नको म्हणतात. मार्कर द्यायचा का?

रंगारी_नाना
बाई, मार्कर नको, वर सांगितलंच. भिंत साध्या चुन्याने धुऊन घ्या, चुना स्वस्त. मुलांना कोळसा द्या. महिन्याने कुंच्याने झटकून परत चुन्याचा एक हात, झालं. फक्त चुना कालवताना आणि मारताना मुलांना लांब ठेवा, डोळ्यात गेला तर वाईट.

जुईली
मीनाक्षी ताई, पहिल्या सोमवारचे फोटो इथे टाका. आणि अण्णांची पाच चित्रं अजून आलेली नाहीत.

अण्णा_सोलापूरकर
तीन झालीत. तिसरा दमलेला वाटत नाही, झोपलेला वाटतो. काढतोय.